उजव्या बाजूचे उलटे आटे

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे आणि दिवसाचे आठ तास लोकांचे आटे तपासते. बोल्ट, नळ्या, ब्रॅकेट, ज्याला म्हणून आतून किंवा बाहेरून आटे पाडलेले असतात ते सगळं माझ्या टेबलावरून जातं. गेज घालायचा आणि फिरवायचा. त्याची ‘गो’ बाजू लोण्यासारखी आत गेली पाहिजे आणि ‘नो गो’ बाजू अडली पाहिजे. नाही अडली की तो भाग लाल डब्यात. ऑपरेटर माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. कोणीतरी खडूस असावंच लागतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं ते एखाद्या अडाणी माणसाकडून घडलं असतं तर मी त्याला सहज माफ केलं असतं.

आम्ही थेरगावला राहतो. सासरचं घराणं इथलंच जुनं, शेतकरी. शेतं गेली, त्यावर इमारती आल्या, आणि आमच्या घरावरही भाडेकरूंचे दोन मजले चढले. सासऱ्यांना मी मामा म्हणते. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली. मामा मूळचेच मितभाषी, त्यानंतर तर घरात माझ्याशी त्यांची दिवसाला तीन वाक्यं व्हायची. चहा झाला का, जेवायला वाढ, दार लावून घे. यात राग-लोभ काही नव्हता. आमच्याकडे रीतच तशी आहे. सुनेने चहाचा कप उंबऱ्यापाशी द्यायचा आणि आत वळायचं. सासऱ्यासमोर बसून गप्पा मारायच्या नाहीत. मी लातूरकडची, बडबडी, पहिल्या वर्षी मला हे फार जड गेलं. मग सवय झाली. लग्नाला अठरा वर्षं झाली आणि मामांच्या शेजारी बसून मी एकदाही चहा प्यायले नव्हते.

मामांचा सगळा बोलका जीव त्यांच्या सायकलीत होता. ते आकुर्डीच्या एका कारखान्यात टूलरूमला टर्नर होते. उंची सहा फूट दोन इंच. बाजारातल्या कुठल्याही सायकलीवर बसले की गुडघे हँडलला लागायचे. त्यांच्या खात्यात निवृत्तीला भिंतीवरचं घड्याळ द्यायचा रिवाज होता. मामांनी घड्याळ नको म्हणून सांगितलं, तेव्हा खात्यातल्या लोकांनी त्यांचं माप घेतलं आणि नळ्या आणून, जोडून, त्यांच्या उंचीची फ्रेम बनवली. फक्त एक काम त्यांच्यासाठीच ठेवलं. दोन्ही पायडलांचे दांडे ज्या आसाला जोडलेले असतात तो आस फ्रेमच्या तळाशी एका आडव्या, आखूड नळीत बसतो. सायकलवाले त्या सगळ्या जागेला बीबी म्हणतात. त्या नळीला दोन्ही बाजूंनी आतून आटे असतात आणि त्यात वाटीसारखे दोन कप पिळून बसवतात. ते आटे मामांनी नोकरीच्या शेवटच्या दिवशी, सुट्टीचा भोंगा व्हायच्या आत, आपल्या लेथवर स्वतः पाडले. त्यांच्या हातचं कारखान्यातलं ते शेवटचं काम. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. मलाही होती.

त्या सायकलीवर बारा वर्षं ते रोज सकाळी रावेतला नदीकडे जाऊन येत होते. सायकलीला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. माझ्या नवऱ्याने एकदा न विचारता हवा भरली, तर मामांनी ती सोडून परत भरली.

आता मुद्द्याचं. जानेवारीत आमच्या कंपनीत फॅमिली डे असतो. त्या रविवारी घरच्यांना आत येऊन काम बघता येतं. दर वर्षी मी घरी सांगायची आणि दर वर्षी फक्त नवरा यायचा, तेही जेवणासाठी. यंदा जेवताना मामा अचानक म्हणाले, की मी येणार आणि सायकलीने येणार. नवऱ्याने हातातला घास खाली ठेवला. थेरगाव ते चाकण म्हणजे तळवड्यावरून पंचवीस किलोमीटर, कंटेनरची वर्दळ आणि मामांचं वय सत्तर. त्याने पुष्कळ समजावलं. मामांनी ताक मागून घेतलं आणि विषय संपवला.

मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला, इतका की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच दोन भांडी घासली. या माणसाचा जन्म आट्यांमध्ये गेला आणि मीही रोज तेच बघते, पण आमच्यात त्यावर कधी शब्द झाला नव्हता. आता ते माझं टेबल बघायला येणार होते. कुणी काही म्हणो, ही फेरी व्हायलाच हवी असं मी मनात ठरवून टाकलं.

सायकल मात्र कुरकुरत होती. दर पायडलाला तळातून कटकट यायची. बीबीतले छर्रे झिजले होते. मामा दोन दिवसांसाठी वडगावला लेकीकडे नातवाच्या बारशाला गेले, तेव्हा मी ठरवलं की ते परत यायच्या आत आपण बीबी बदलून टाकायची, नवी सीलबंद जोडी बसवायची आणि त्यांना चकित करायचं.

निगडीच्या सायकल दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, नळीची रुंदी किती? मी व्हर्नियरने मोजूनच गेले होते, अडुसष्ट मिलिमीटर. तो खूश झाला. म्हणाला, मग इंग्लिश आटे असणार, आपल्याकडे सगळं इंग्लिशच असतं. सायकल घेऊन या, बसवून देतो. मी म्हणाले, “बसवायला कशाला आणू? मी क्वालिटीत आहे.” या एका वाक्याची आठवण झाली की अजूनही माझे कान गरम होतात.

त्याच्याकडून दांडे काढायचं हत्यार मागून घेतलं. कपासाठी पत्र्याचा चपटा पाना माझ्याकडे होता. दुपारी खाली पार्किंगमध्ये सायकल उलटी घातली आणि उजव्या बाजूपासून सुरुवात केली. आता माझी अक्कल ऐका. सायकलीत काही आटे उलटे असतात हे मला माहीत होतं. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, उजवं सुलट्या, हे तर मामांच्याच तोंडून कधीतरी ऐकलेलं. मी हिशोब केला, पायडलाचं जे तेच कपाचं असणार. म्हणजे उजवा कप सुलटा, डावीकडे फिरवला की सुटणार. मी डावीकडे फिरवला. हलेना. अजून जोर केला. हलेना. बारा वर्षांचा गंज आहे, धरणारच. मग कोपऱ्यात प्लंबरचा पाइपाचा तुकडा पडला होता तो पान्याच्या दांड्यावर चढवला. कारखान्यात काम केलेल्या माणसाला ही युक्ती शिकवावी लागत नाही. दांडा लांब झाला की बाईच्या हातातही पैलवानाचा जोर येतो.

आधी कर्र झालं, मग एकदम सैल पडलं. मी पार्किंगमध्ये एकटीच हसले. जिंकल्यासारखी. कप गरगर फिरायला लागला, हाताने ओढला तसा बाहेर आला, आणि त्याच्यासोबत किसलेल्या खोबऱ्यासारखा चकचकीत कीस माझ्या तळहातावर पडला. मी ज्याला सोडवत होते त्याला आवळत होते. बीबीचा उजवा कपच उलट्या आट्यांचा असतो. पायडलात डावं उलटं, बीबीत उजवं उलटं. नळीत बोट घातलं तर जिथे धार लागायला हवी तिथे गुळगुळीत.

मामांच्या शेवटच्या कामाचे आटे मी घालवले होते. तिथेच जमिनीवर बसून मी रडले, लपवत नाही. वरच्या मजल्यावरची भाडेकरीण कपडे घेऊन जाताना विचारून गेली, काय लागलं का म्हणून.

मामा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. नवऱ्याचं म्हणणं, काही बोलू नकोस, मी बघतो, बीबी आपोआप खराब झाली म्हणून सांगू. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प बसला. लाल डब्यात टाकायचा माल हिरव्या डब्यात टाकायची मला सवय नाही. मामांनी हातपाय धुतले, टोपी खुंटीला लावली, तेवढ्यात मी कप आणि तो कीस एका ताटलीत घेऊन उंबऱ्यापाशी उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

मामांनी कप उचलला, प्रकाशात धरला, नख फिरवलं.

“कुनीकडं फिरवलंस?”

मी हाताने दाखवलं.

“पाइप लावला व्हता?”

मी मान डोलावली.  मामांनी कप ताटलीत परत ठेवला आणि ते पार्किंगमध्ये गेले.  दुसऱ्या दिवशी सकाळी रावेतला चालतही गेले नाहीत. तीन वाक्यं होती तीही बंद झाली. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी ओरडणाऱ्या माणसांत वाढलेय, त्याला उत्तर कसं द्यायचं ते मला येतं. नवरा म्हणाला, जाऊ दे, निदान चाकणचं भूत तरी उतरलं, आता आपण गाडीनेच नेऊ त्यांना. मला तेव्हा कळलं, की सायकल गेली तर मामा गाडीने काय, कशानेच येणार नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर मामा ओट्यावर बसलेले. म्हणाले, तुझा व्हर्नियर दे. मी पर्समधून काढून दिला. आम्ही दोघं खाली गेलो. त्यांनी नळी आतून मोजली, बाहेरून मोजली, भिंतीची जाडी काढली आणि विचारलं की त्या निगडीच्या दुकानात दुसऱ्या मापाचा माल मिळतो का.

मी तोवर दुकानदाराकडे दोनदा जाऊन आले होते, त्यामुळे माझ्याकडे सगळी माहिती तयार होती. मी सांगायला लागले. आट्यांच्या बीबीचे दोन मोठे पंथ. इंग्लिश आटे, व्यास चौतीस पॉइंट आठ मिलिमीटर, नळी अडुसष्ट रुंद, उजवी बाजू उलटी. इटालियन आटे, व्यास छत्तीस, नळी सत्तर रुंद, आणि दोन्ही बाजू सुलट्या. आटे दोन्हीकडे इंचाला चोवीसच. फ्रेंचांचं एक जुनं वेगळं माप होतं, ते आता कोणी वापरत नाही. हल्ली सत्तेचाळीस मिलिमीटरचं एक नवं आलंय, त्याला आपली नळी पुरायची नाही.

मामा पहिल्यांदा हसले. “व्यास मिलिमीटरात आन् आटे इंचात?”

मी म्हणाले, आपल्याकडे नाही का, जमीन गुंठ्यात मोजतो आणि त्याच जमिनीवरचा फ्लॅट स्क्वेअर फुटात. मामांनी मान हलवली, मान्य केल्यासारखी. अठरा वर्षांत माझ्या बोलण्यावर त्यांनी दिलेली ती बहुधा पहिली दाद.

मग त्यांनी मला ते दाखवलं जे मला त्या दुपारी माहीत असायला हवं होतं. घरातून एक पातेलं आणि एक वाटी आणायला सांगितली. पातेल्यात वाटी आडवी न ठेवता सरळ बसवली, आणि वाटीची कड पातेल्याच्या कडेला दाबून धरून गोल फिरवत नेली. वाटी जात होती उजवीकडे, पण स्वतःभोवती वळत होती डावीकडे. हळूहळू, एकेका केसाने. पायडल मारलं की उजवा कप असाच नळीत मागे वळायला बघतो, म्हणून इंग्रजाने त्याला उलटे आटे दिले. मागे वळला की तो घट्टच होणार. इटलीवाल्याने दोन्हीकडे सुलटे ठेवले, त्यामुळे त्याचा उजवा कप चालवता चालवता सैल पडतो.

मी विचारलं, मग इटलीवाल्याने असं का केलं? मामा म्हणाले, “काम वाचलं त्याचं. दोन्ही बाजू सुलट्या म्हंजे एकच हत्यार, एकच सेटिंग, हिकडून घालायचं तिकडं काढायचं. इंग्रजाला बाजू बदलली की लेथ उलटा चालवाया लागतोय. त्यानं आपलं काम वाढवलं आन् चालवणाऱ्याचं कमी केलं.”

त्यांचा एक जुना सहकारी, त्यांच्या हाताखाली शिकलेला, भोसरीत एका शेडमध्ये जॉबवर्क करतो. त्याच्याकडे इंची स्क्रूचा जुना लेथ आहे. पुढच्या रविवारी आम्ही फ्रेम टेम्पोत घालून तिकडे नेली. मामा, मी आणि ती फ्रेम. सीएनसी मशीन एवढी लांब फ्रेम गरगर फिरवू शकत नाही, तर मामांची पद्धत अशी की फ्रेम जागेवर आवळून ठेवायची आणि हत्यार फिरवायचं. नळीतून आरपार एक जाड सळई घातली, सळईला टोकदार हत्यार बसवलं, लेथवर सळई फिरायला लागली आणि फ्रेम लेथच्या सरकत्या पाटावर, कॅरेजवर, इंचाइंचाने सरकायला लागली. शेडवाल्याने चार गियर बदलून चोवीस आटे जुळवले आणि बाजूला झाला. मामांनी चष्मा पुसला आणि हँडल हातात घेतलं.

आधी नळी आतून मोठी केली. तिथे एक गंमत बघायला मिळाली. इंग्लिश आटे खोलीला जिथे संपतात, साधारण तिथेच इटालियन आट्यांची सुरुवात होते. एक पूर्ण पुसला जातो तेव्हा दुसऱ्यासाठी जागा तयार झालेली असते. मग दर फेरीला हत्यार सुईच्या टोकाएवढं पुढे करत मामा आटे पाडत गेले. बारा वर्षांनी हात लावत होते, पण खांदा कसा स्थिर. मी तासभर उभी होते आणि मला पाय दुखल्याचं कळलं नाही. डावी बाजू बिचारी धडधाकट होती, तिचेही आटे पुसावे लागले, कारण कपांची जोडी एकाच मापाची येते.

संपल्यावर मामांनी नळी फुंकून साफ केली, दुकानातून आणलेला इटालियन कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “आता तू पास कर.”

शेडवाला हसत होता. मला वाटलं, पास म्हणून टाकावं आणि मोकळं व्हावं. पण हात ऐकेनात. उजवी बाजू लोण्यासारखी गेली. डाव्या बाजूला पहिल्याच आट्यावर कप किंचित घासला. बर, म्हणजे कापताना कडेला उरते ती धातूची कोर, राहिली होती. मी कप काढला आणि खरं ते सांगितलं, डावी बाजू रिजेक्ट.  मामांनी बारीक कानस मागितली, बर काढली आणि परत माझ्याकडे बघितलं. या वेळी मी पास केलं. शेडवाला म्हणाला, भाऊ, एवढ्या वर्षांत तुमचं काम परत पाठवणारं कोणी भेटलं नव्हतं, राव. मामांनी ऐकलं न ऐकलंसं केलं, पण घरी येताना टेम्पोत मला विचारलं की तुमच्याकडे दिवसाला किती पीस होतात. मी सांगत गेले. थेरगाव कधी आलं ते कळलं नाही.

घरी त्यांनी बीबी बसवली. आपली नळी अडुसष्टची आणि माल सत्तरचा, म्हणून दोन्हीकडे एकेक मिलिमीटरचा वायसर टाकला. मग मला बोलावलं आणि पाना माझ्या हातात दिला. उजवा कप आता सैल पडत राहणार, तेव्हा दर शनिवारी तो तू बघायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. कोणालाही हात न लावू देणारा माणूस. मी कारखान्यातल्या पद्धतीने कपावरून नळीवर पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली. कप केसभर जरी वळला तरी रेघ मोडते आणि लगेच दिसतं.

पण मनातून भीती जाईना. चाकणच्या रस्त्यावर, कंटेनरच्या मधोमध, कप सैल पडला तर? आमच्याकडे आट्यांना लावायचा एक पातळ डिंक असतो. बसवलेल्या आट्याच्या कडेला दोन थेंब सोडले की तो आपोआप आत झिरपतो आणि वाळला की आटा जन्मात हलत नाही. शुक्रवारी येताना भोसरीतून त्याची बाटली विकत घेतली आणि शनिवारी पहाटे, मामा आंघोळीला गेलेले बघून, उजव्या कपाच्या कडेला तीन थेंब सोडले. कोणाला सांगितलं नाही.

रविवारी मी पहाटेच्या बसने पुढे गेले. मामा साडेसहाला निघाले. नवरा स्कूटरवर मागे. त्याने मला नंतर सांगितलं की सव्वादोन तास तो ताशी बारा किलोमीटरने स्कूटर चालवत होता, मागून येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याच्या शिव्या खात होता, आणि मामा महाळुंग्याला उतरून शांतपणे उसाचा रस प्यायले. मी गेटवर वाट बघत होते. धुळीतून पहिल्यांदा टोपी दिसली, मग तो ताठ लांबलचक माणूस आणि ती लांबलचक सायकल. सिक्युरिटीवाल्याने वाहनाचा प्रकार कोणता लिहू म्हणून विचारलं. मला हुंदका आला आणि हसूही आलं.

मामांनी माझं टेबल बघितलं. गेज हातात घेतला, एका भागात ‘गो’ फिरवला, ‘नो गो’ अडवला, समाधानाने परत ठेवला. मग माझ्या साहेबांना, ऑपरेटरांच्या सगळ्या घोळक्यासमोर, सांगितलं की ही माझी सून, हिनं माझ्या सायकलीचे आटे घालवले, पाइप लावून. ज्या ऑपरेटरांचे पीस मी दहा वर्षं परत पाठवतेय, त्यांचे चेहरे काय उजळले ते विचारू नका. मी थांबायला सांगायच्या आत मामा पुढे म्हणाले, “मंग माझं काम बी हिनं रिजेक्ट केलं. बरोबर केलं.” 

टेबलावर त्या डिंकाची हिरवी बाटली होती. हे काय, म्हणून मामांनी उचलली. माझ्या शेजारच्या पोरीने उत्साहाने सगळं समजावलं, दोन थेंब आणि आटा जन्मात हलत नाही. मामांनी बाटली जागेवर ठेवली. माझ्याकडे एकदा बघितलं. 

सोमवारी फॅमिली डेच्या मिठाईचा डबा घेऊन मी भोसरीच्या शेडमध्ये गेले, आभार मानायला. शेडवाला पेढा खात सहज म्हणाला, “ताई, खरं तर मी भाऊंना म्हणालो होतो, आत नव्या नळीचा बुश ठोकून देतो, परत पहिल्यासारखे इंग्लिश आटे करू. काम तेवढंच होतं. ते नको म्हणाले.”

मी विचारलं, का नको?

“म्हणाले, इंग्रजी आटे केले तर परत दहा-बारा वर्षं बघायला नको. इटालियन केले तर सून दर शनिवारी दोन घटका सायकलीपाशी यील तरी.”

मी परत येताना डांगे चौकात रिक्षातून उतरले आणि घरापर्यंत चालत गेले. मला स्वतःचा इतका राग आला होता. एकदा या माणसाने पाडलेले आटे मी पाइप लावून घालवले होते, आणि आता त्याने मुद्दाम सैल ठेवलेली गोष्ट मी तीन थेंबांनी कायमची चिकटवली होती. दोन्ही वेळा न विचारता. आणि ती बाटली त्याने हातात धरली होती.

शनिवार आला. मी सकाळी पोळ्या लाटत होते. खालून हाक आली.

“सूनबाई, पाना आन. कप हाललाय.”

मी पाना घेऊन खाली गेले. मामा स्टुलावर बसलेले, सायकल पुढ्यात. शेजारी दुसरं स्टूल ठेवलेलं. मी वाकून बघितलं. कपावरून नळीवर गेलेली पिवळी रेघ, मी ओढली होती तशीच, सरळ. कुठे केसभर मोडलेली नव्हती. रेघेवर मामांचंही लक्ष होतं.

“हो मामा,” मी म्हणाले. “सैल झालाय.”

मी पाना लावला आणि उजवीकडे जोर दिला. कप जागचा हलला नाही.

“बसला का?”

“बसला.”

“बरं झालं,” मामा म्हणाले. “आता च्या आन. आन् तुझाबी हितंच आन.”